एका हंगामापुरते

2025 सालच्या मार्च महिन्यात आम्ही पक्षांतर केले. हे वाक्य वाचून वाचक दचकतील आणि आमचा राजकारणाशी संबंध केव्हापासून जडला असे विचारतील, म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, हे पक्षांतर बेसबॉलच्या खेळातले होते आणि तेही केवळ एका हंगामापुरते. राजकारणातल्या पक्षांतरात निदान काही प्राप्तीची आशा तरी असते. आमची प्राप्ती म्हणजे एक नारिंगी टोपी, आणि तीही पदरच्या पैशाने घेतलेली. तथापि ती टोपी डोक्यावर चढवून प्रथम घराबाहेर पडलो, त्या सकाळी शेजाऱ्यांच्या फाटकापाशी आमचे पाऊल जरा जपूनच पडले, हे कबूल केले पाहिजे.

आमचे वास्तव्य गेली पंचवीस वर्षे आणि वर थोडी कॅलिफोर्नियात सॅन लिअँड्रो या गावी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व काठी ओकलंड हे बंदराचे शहर वसले असून, त्याच्या दक्षिणेच्या वेशीला लागून आमचे गाव. पश्चिमेच्या बाजूस पाण्यापलीकडे खुद्द सॅन फ्रान्सिस्को. दोन्ही शहरांत अंतर म्हणाल तर एका पुलाचे. पण एक जण पाहुण्यांसाठी सदा नटून बसलेला आणि दुसरा बाह्या सरसावून ओझी वाहणारा, अशा दोन सख्ख्या भावांत असावे तेवढे. या दोघांना आपापला बेसबॉलचा संघ होता. सॅन फ्रान्सिस्कोचा 'जायंट्स', काळ्या-नारिंगी पोशाखाचा. ओकलंडचा 'ॲथलेटिक्स', हिरव्या-सोनेरी पोशाखाचा. सन 2000 उजाडताच जगातील सारी गणकयंत्रे बंद पडणार, या धास्तीने अमेरिकेने त्या काळी आमच्यासारखे पुष्कळ लोक समुद्रापलीकडून मागविले होते. त्या लोंढ्यात आम्ही 1999 साली येथे येऊन पडलो. यंत्रे बंद पडली नाहीत; आम्ही मात्र येथेच राहिलो.

बेसबॉलची दीक्षा आम्हांस शेजारच्या गृहस्थांनी दिली. बंदरावर जहाजांतील मालाची चढउतार करण्यात त्यांची हयात गेली. ओकलंडात वाढलेले हे आफ्रिकी-अमेरिकन गृहस्थ आमच्यापेक्षा वयाने पुष्कळच वडील. आम्ही बिऱ्हाड थाटून आठ दिवस झाले नसतील, तोच त्यांनी कुंपणावरून पृच्छा केली, "तुमच्या देशात बेसबॉल आहे काय?" आम्ही मोठ्या अभिमानाने उत्तर दिले की, आमच्या देशात क्रिकेट आहे. त्यावर त्यांनी आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा आम्ही फक्त आजाऱ्याच्या समाचाराला आलेल्या मंडळींच्या तोंडावर पाहिली होती. पुढल्या शनिवारी ते आम्हांस बरोबर घेऊन गेले.

क्रिकेटवर पोसलेल्या मनाला हा खेळ प्रथम फार अन्यायाचा वाटतो. ज्या फटक्याला माटुंग्यात टाळ्या पडाव्या, तो चेंडू यष्टीमागच्या बाजूस गेला म्हणून येथे बाद ठरवितात. लेट कट हा या खेळात गुन्हाच आहे म्हणा ना. चेंडू नीट मैदानात टोलविला की पळालेच पाहिजे; 'राहू दे, पुढच्या चेंडूवर पाहू' असे म्हणण्याची सोय नाही. उलट, दहांपैकी सात वेळा हात हलवीत परतणारा फलंदाज येथे थोर गणला जातो. ही शेवटची गोष्ट मात्र आम्हांस पहिल्याच दिवशी आवडली. दहांत तीन यशांवर माणसाचा गौरव करणारा समाज अगदीच वाईट नसला पाहिजे, असे मनात आले.

ते क्रीडांगण 1966 साली उघडले. सुंदर असे त्याला कोणीच म्हणाले नसते. काँक्रीटचे अजस्र कढले. 1990 नंतरच्या दशकात एका बाजूस उंच सज्जे चढवून मागचे डोंगर दिसावयाचे तेही झाकून टाकलेले. पुढेपुढे तर गटारे तुंबत, आणि 2023 साली धावते वर्णन करणाऱ्यांच्या खोलीत एका पॉसम नावाच्या निशाचर प्राण्याने ठाण मांडल्याचे वर्तमान साऱ्या देशाने हसत हसत वाचले. परंतु तिकिटे स्वस्त होती. उजव्या अंगाच्या मागल्या बाकांवर ढोल घेऊन बसणारी एक मंडळी होती, आणि त्यांचा तो ताल ऐकला की गणेशोत्सवात वाढलेल्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळत. सौभाग्यवतींना खेळातले काही कळत नसे. पण डब्यात पोळीभाजी घेऊन त्या ढोलांसाठी येत.

4 सप्टेंबर 2002 हा दिवस आम्ही जन्मात विसरणार नाही. आणि त्याचे कारण असे की, त्या दिवशी जे घडले ते आम्ही पाहिले नाही. आमचा संघ दरिद्री. धनाढ्य संघ ज्या खेळाडूंना ढुंकून पाहत नसत, अशांना आकडेमोडीच्या बळावर हुडकून त्याने लागोपाठ 19 सामने जिंकले होते. (या आकडेमोडीवर पुढल्याच वर्षी मायकेल लुइस यांनी 'मनीबॉल' नावाचे पुस्तक लिहिले, आणि 2011 साली त्यावर चित्रपटही निघाला.) विसावा सामना कॅन्सस सिटीशी. तिसरा डाव संपतो तो आमच्या 11 धावा, त्यांचे शून्य. मग त्यांनी पाच काढल्या, तरी चिंता कसली? दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी होती. सातव्या डावात आम्ही घड्याळ पाहिले, शेजाऱ्यांचा निरोप घेतला आणि आगगाडी गाठली. इकडे आम्ही घरी येऊन पानावर बसलो, आणि तिकडे प्रतिपक्षाने 11 विरुद्ध 11 अशी बरोबरी केली. अखेरच्या डावात स्कॉट हॅटेबर्ग बदली म्हणून फळी घेऊन आला आणि त्याने चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला. बारा विरुद्ध अकरा. अमेरिकन लीगच्या इतिहासात लागोपाठ 20 विजय त्यापूर्वी कोणी मिळविले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी कुंपणापाशी उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, "काल कितव्या डावात निघालात?" आम्ही सांगितले. ते "बरं" म्हणाले आणि झाडांना पाणी घालू लागले.

येथे थोडे माटुंग्यास गेले पाहिजे. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, दादर युनियनचे कट्टर अभिमानी. पुढे सुनील गावसकर ज्या क्लबातून खेळले तोच हा क्लब. पण अण्णांची भक्ती त्याहूनही जुनी. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांचा सामना ज्या रविवारी असे, त्या रविवारी घरात बारशाचे आमंत्रण आले तरी नाकारले जाई. अण्णांचे धाकटे बंधू, आमचे काका, हेही त्याच पंथाचे. परंतु त्यांना सासर मिळाले ते ऐन शिवाजी पार्कवर. मेहुण्यांनी एक-दोन रविवार चहाफराळ करून त्यांना तिकडच्या तंबूत बसविले, आणि काका तिकडचेच झाले. त्यानंतर दोन वर्षे अण्णा आणि काका एकमेकांशी बोलत, परंतु क्रिकेटविषयी नाही. म्हणजे वस्तुतः बोलतच नसत. आमची आजी म्हणे, "मुलगी सासरी जाते हे ऐकले होते, मुलगा गेलेला मी पाहिला." अशा घरात वाढलेल्या माणसाने टोपी बदलावी, याचा अर्थ वाचकांच्या ध्यानी येईल.

ओकलंडातून एकेक बिऱ्हाड हलू लागले ते आमच्या डोळ्यांदेखत. बास्केटबॉलचा संघ 2019 साली पाण्यापलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत गेला. फुटबॉलचा संघ 2020 साली लास व्हेगासला. उरला होता बेसबॉलचा. त्याच्याही जाण्याच्या वार्ता आल्या, तेव्हा 13 जून 2023 रोजी लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. प्रेक्षक येत नाहीत म्हणून संघ जातो, असे सांगितले जात होते. आणि त्या वर्षी संघ इतका दुबळा होता की, 162 सामन्यांपैकी 112 त्याने हरले. अशा संघाच्या एका सामान्य मंगळवारच्या सामन्याला ठरवून 27,759 लोक आले, बहुतेकांच्या अंगांत मालकाने संघ विकावा अशी एका शब्दाची मागणी छापलेले हिरवे सदरे. आम्हीही होतो. संघ त्या दिवशी जिंकलासुद्धा. पण गाडी सुटावयाची ती सुटलीच.

26 सप्टेंबर 2024 रोजी शेवटचा सामना झाला. प्रेक्षक 46,889. टेक्ससच्या संघावर 3 विरुद्ध 2 असा विजय. खेळ आटोपल्यावर व्यवस्थापक मार्क कॉत्से मैदानात उभे राहून प्रेक्षकांशी बोलले आणि ओकलंडच्या नावाचा जयघोष त्यांनी शेवटचा म्हणून करविला. मैदानाची माती लोक चिमूट-चिमूट घेऊन गेले. आमच्या शेजाऱ्यांनी औषधाच्या गोळ्यांची रिकामी कुपी भरून आणली आणि दुसऱ्या दिवशी तीतली अर्धी माती कागदाच्या पुडीत बांधून आम्हांस दिली. पुडी आम्ही स्वयंपाकघरात ठेवली. सौभाग्यवतींनी ती कढीलिंबाच्या कुंडीत ओतली. त्यांचा दोष नाही. माती कुंडीतच जावयाची, असे कोणीही समजेल. शेजाऱ्यांना हे आम्ही अद्याप सांगितलेले नाही. त्याच वर्षी 20 डिसेंबर रोजी रिकी हेंडरसन वारला. ओकलंडातच वाढलेला हा खेळाडू. धाव चोरण्यात त्याची बरोबरी कोणी करू शकला नाही, 1982 सालच्या एका हंगामात त्याने 130 वेळा पुढला टप्पा चोरला होता. तो पैशासाठी नऊ संघांतून खेळला, आणि तरी चार वेळा ओकलंडच्या संघात आला. त्याचे जाणे ऐकून शेजाऱ्यांनी हिरवी टोपी खुंटीला अडकविली ती अडकविलीच.

याच सुमारास अण्णांशी दूरध्वनीवर बोलताना आम्ही आपले गाऱ्हाणे मांडले. 57 हंगाम ज्या गावाने पोसले, ते गाव अधिक प्राप्तीसाठी टाकून जावे, म्हाताऱ्या माणसांकडे वळूनही पाहू नये, ही कुठली माणुसकी? असे पुष्कळ आवेशाने बोललो. अण्णांचे वय तेव्हा शहाऐंशी. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. तार तुटली की काय असे वाटले. मग ते म्हणाले, "तेथे पगार जास्त असेल." आवाजात उपरोध नव्हता. नंतर त्यांनी, तुमच्याकडे थंडी पडली का, असे विचारले.

त्या दिवसापासून संघाच्या कृतघ्नतेवर आम्ही तोंड उघडलेले नाही. पण बोलणे थांबले म्हणून राग थांबतो असे थोडेच आहे? खुद्द संघाचाच इतिहास काढून पाहिला. तो 1901 साली फिलाडेल्फियात जन्मला. 1955 साली कॅन्सस सिटीस गेला. 1968 साली ओकलंडात आला. म्हणजे आमचे गाव हे त्याचे तिसरे बिऱ्हाड, आणि आम्ही ज्याला घर म्हणत होतो ती त्याची भाड्याची खोली. हे वाचून राग कमी व्हावयाचा तो वाढला. आणि त्या रागाच्या भरात आम्ही जाहीर केले की, 2025 चा हंगाम आम्ही जायंट्सचे!

घरात तीन तट पडले. चिरंजीव सोळा वर्षांचे. त्यांनी बजावले की, आपला लोभ खेळाडूंवर आहे, गावावर नव्हे. खेळाडू सॅक्रामेंटोजवळच्या लहानशा मैदानात खेळोत नाहीतर चंद्रावर. (लास व्हेगासचे क्रीडांगण 2028 साली पुरे व्हावयाचे ठरल्यामुळे मधली वर्षे संघाने सुमारे 14,000 प्रेक्षकांच्या त्या मैदानावर काढण्याचे ठरविले होते, आणि नावामागे कोणत्याही गावाचे नाव लावावयाचे नाही असेही.) शेजाऱ्यांनी बेसबॉलच सोडला, संध्याकाळी त्यांच्या ओसरीवरची नभोवाणी बंद असे. सौभाग्यवतींनी विचारले, "तिकडे ढोल आहेत का?" नव्हते.

नारिंगी टोपी घालून फाटकाबाहेर पडलो, तो शेजारी समोर. त्यांनी टोपीकडे पाहिले, मग आमच्याकडे. आम्ही स्पष्टीकरणाची चार वाक्ये घरातूनच जुळवून आणली होती. ते म्हणाले, "तिकडे पाण्यावरचा वारा फार बोचतो. लोकरीचे काही तरी बरोबर असू द्या."

वारा खरोखरच बोचतो. बाकी त्या क्रीडांगणाची निंदा करणे आम्हांस जमणार नाही. पाण्याखालच्या बोगद्यातून गाडीने पलीकडे जावे, धक्क्याच्या कडेने चालत जावे, आणि समोर विटांची ती देखणी इमारत यावी. उजव्या अंगाच्या भिंतीपलीकडे लगेच खाडी. जोराचा फटका थेट पाण्यात पडतो आणि तो झेलावयास लोक होड्या घेऊन टपलेले असतात. लसणीचा वास सुटलेले बटाट्याचे काप, स्वच्छ मोऱ्या, सभ्य मंडळी. सारे काही होते. श्रीमंत घरी दत्तक गेलेल्या मुलाला जसे सर्व मिळते, पण कपाट उघडण्यापूर्वी विचारावेसे वाटते, तशी आमची गत होती. टाळी केव्हा वाजवावी हे शेजारच्या बाकाकडे पाहून ठरवावे लागे. आपला माणूस धावताना श्वास कोंडतो. येथे कोण धावतो आहे हे आधी फलकावर वाचावे लागे, आणि वाचून होईपर्यंत तो पोचलेला असे. जून महिन्यात रफाएल डेव्हर्स हा नामांकित फलंदाज बोस्टनहून जायंट्सकडे आला. सारे क्रीडांगण त्याला आपला म्हणून डोक्यावर घेऊ लागले. आम्ही मनात म्हटले, गृहस्था, तूही नवाच. पण तुला निदान वेतन मिळते. आणखी एक गोष्ट कोणी बोलून दाखवीत नसे. जायंट्सदेखील 1958 साली न्यूयॉर्कला सोडूनच येथे आलेले. तिकडेही कोणी तरी खुंटीला टोपी अडकविली असेलच.

मे महिन्यात दोन्ही संघांची गाठ याच क्रीडांगणावर पडली. चिरंजीव हिरव्या टोपीत, आम्ही नारिंगी टोपीत, असे शेजारी शेजारी बसलो. आजूबाजूच्या लोकांना मौज वाटून त्यांनी आमचे छायाचित्रही मागितले. जुना संघ हरला. म्हणजे आम्ही जिंकलो. परतीच्या गाडीत चिरंजीव खिडकीबाहेर पाहत होते. बोगद्यात खिडकीबाहेर पाहण्यासारखे काय असते? आम्ही विजयी पक्षाचे. पण समाचाराचे चार शब्द कोणत्या तोंडाने बोलावे ते सुचेना.

25 जुलैच्या रात्री मात्र आमची चोरी पकडली गेली. खाली दिवाणखान्यात आम्ही दूरचित्रवाणीवर जायंट्सचा खेळ लावून बसलो होतो, आणि माडीवर चिरंजीवांच्या खोलीत ॲथलेटिक्सचा ह्यूस्टन येथील सामना चालू होता. मधूनमधून वरून आरोळी ऐकू येई. पहिल्या आरोळीला आम्ही मान वर केली. दुसऱ्या आरोळीनंतर पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो. तिसऱ्या आरोळीला आम्ही जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभे होतो, हातात रिकामा पेला. त्या वर्षीच संघात आलेला निक कर्ट्झ हा पोर चेंडूमागून चेंडू मैदानाबाहेर धाडीत होता. चिरंजीवांनी दार उघडून पाहिले, काही न बोलता दार उघडेच ठेवले आणि पलंगावर सरकून जागा केली. सहा वेळा तो फळी घेऊन आला, सहाही वेळा यशस्वी. अखेरच्या डावात चौथा चेंडू त्याने बाहेर धाडला. पहिल्याच वर्षाच्या खेळाडूने एका सामन्यात असे चार फटके मारणे, हे अमेरिकेच्या श्रेष्ठ बेसबॉलमध्ये पूर्वी कधीच घडले नव्हते. आम्ही ओरडलो ते इतक्या मोठ्याने की, सौभाग्यवती धावत वर आल्या. आमच्या डोक्यावर नारिंगी टोपी तशीच होती. चिरंजीवांनी ती हळूच काढून उशीखाली ठेवली, आणि त्याविषयी आजतागायत चकार शब्द काढलेला नाही. मुलगा आमच्यापेक्षा अण्णांवर गेला असावा.

जायंट्सनी हंगामात 81 सामने जिंकले आणि 81 हरले. आमच्या निष्ठेला याहून चोख माप मिळाले नसते.

ओकलंडात 2024 सालापासून 'बॉलर्स' नावाचा एक नवा, लहान संघ पश्चिम भागातल्या रायमोंडी पार्कवर खेळतो. श्रेष्ठ संघांशी त्याचा संबंध नाही. 'पायोनियर लीग' नावाच्या स्वतंत्र, धाकट्या मालिकेत तो आहे. 2025 च्या सप्टेंबरात त्याने त्या मालिकेचे अजिंक्यपदही पटकाविले. आमचे तेथे जाणे झाले ते त्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, आणि तेही शेजाऱ्यांमुळे. एके दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारले, "शुक्रवारी तुमची मोटार मोकळी आहे काय?" ते बोडक्यानेच मोटारीत बसले. आम्हीही टोपी घरी ठेवली. चिरंजीव मागे बसले. ढोल असल्याचे कळल्यावर सौभाग्यवती डबा घेऊन निघाल्या.

बाके लहान, दिवे थोडे, खेळाडू पोरगेलेसे. एकाचेही नाव आम्हांस ठाऊक नव्हते, आणि आश्चर्य असे की, त्याचे काही वाटेना. शेजारी पहिले चार डाव काहीच बोलले नाहीत. पाचव्यात त्यांनी चेंडू फेकणाऱ्याची चूक दाखविली. सहाव्यात दुसऱ्याची. सातवा डाव लागला तेव्हा आमची मंडळी पुष्कळ धावांनी मागे होती, खाडीवरचा वारा सुटला होता, आणि सौभाग्यवतींनी डबे आवरून पिशवीत घातले होते. आम्ही सहज म्हणून मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि अर्धवट उठलो.

"2002 साली तुम्ही याच डावात निघाला होता," शेजारी मैदानावरची नजर न काढता म्हणाले.

आम्ही खाली बसलो. त्यांनी पायांपाशी ठेवलेली लोकरीची शाल उचलून आमच्या आणि आपल्या गुडघ्यांवर पसरली.